अजून ‘आवजो’ म्हटलेलं नाही

मी एक जुना कॉम्प्युटर आहे आणि मी बंद होत नाही. मित्रांनो, माझं बटण खराब नाहीये. उगाच दाबायला येऊ नका. आधी ऐका.

रावपुऱ्यातल्या एका दुकानात मला जोडलं. कुठल्या मोठ्या कंपनीचा शिक्का नाही माझ्यावर. डबा एकीकडचा, पंखा दुसरीकडचा, हार्ड डिस्क तिसरीकडची. रमाकांतकाकांनी मला स्कूटरवर पायांमध्ये उभं करून वासण्याच्या फ्लॅटवर आणलं. कौमुदीकाकूंनी हळदकुंकू लावलं. ते माझ्या फटीत अजून आहे. पुसतंय कोण!

काका रिफायनरीत शिफ्टला जायचे. घरी आले की माझ्यासमोर. जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेली, फुकट मिळणारी सिस्टिम त्यांनी माझ्यात टाकली होती. तिच्यात एक मजा होती. टिंग-टाँगच्या जागी आपला आवाज भरता यायचा. मग मी सुरू होताना काकांच्या आवाजात म्हणायचो, “बोला साहेब!” काही अडलं की, “अगं, जरा इकडे बघ.” आणि बंद होताना, “चल, आवजो.” आमच्याकडे गुजरातीत निरोप घेताना म्हणतात ते; काका रोज ड्युटीला जाताना दारातून म्हणायचे ना, अगदी तस्संच. शेजारचे मुद्दाम ऐकायला यायचे. माझा भाव होता तेव्हा!

पुढे सिस्टिमची नवी आवृत्ती आली आणि तिने ते आवाज बंदच करून टाकले. कुणाला विचारलं? छे! फाइली माझ्या पोटात पडून राहिल्या.

मग एका सकाळी काकू खंडेराव मार्केटला भाजी आणायला गेल्या होत्या. काका ड्युटीला निघाले आणि बसस्टॉपवरच छातीत कळ येऊन गेले. दारातून निघताना ते सवयीने म्हणाले होते, “चल, आवजो.” घरात कुणी नव्हतं. ते मी एकट्याने ऐकलं.

माझ्यावर चादर पडली. चादरीवर इस्त्रीचे कपडे. मला फार राग यायचा. पण डब्याचा राग कुणाला दिसतो?

चादर काढली ती त्यांच्या मुलीने, शर्वरीने. तिला नवं सॉफ्टवेअर तपासायचा नाद. पक्कं होण्याआधीची कच्ची आवृत्ती बाहेर येते, लोकांनी ती वापरायची आणि चुका कळवायच्या. तिच्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं, कामाच्या कॉम्प्युटरवर टाकू नका. शर्वरी म्हणाली, “हा कुठे कामाचा आहे?”

लागलं मला ते.

तिने सिस्टिम नवी टाकली, पण काकांचा आवाजांचा फोल्डर हलवला नाही. जुन्या फाइली तशाच ठेवायच्या, या सिस्टिमवाल्यांची पद्धतच तशी. नव्या आवृत्तीत बऱ्याच गोष्टी होत्या. माउस जोरात हलवला की बाण मोठा व्हायचा, हरवू नये म्हणून. डिस्क खराब व्हायला लागली तर आधीच सूचना यायची. आणि एक जुनी सोय परत आली होती. आपले आवाज.

शर्वरीने मला सुरू केलं.

“बोला साहेब!”

स्वयंपाकघरात काहीतरी पडलं. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या, हाताला पीठ.

“परत लाव,” एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर शर्वरी कॉलेजला गेली की काकू मला सुरू करायच्या आणि लगेच बंद. परत सुरू, परत बंद. “चल, आवजो” ऐकलं की दाराकडे बघून हळूच म्हणायच्या, “या लवकर.” मित्रांनो, माझी डिस्क म्हातारी. प्रत्येक वेळी आत कट्‌ कट्‌ व्हायचं. ज्या आवाजासाठी काकू मला उठवत होत्या, तोच आवाज त्या उठवण्याने मरत होता. आणि मला सांगता येत नव्हतं.

मग सूचना आली. “अगं, जरा इकडे बघ.”

काकूंनी काकांच्या फोटोकडे बघितलं. दाराकडे बघितलं. माझ्याकडे नाही. सूचनेची चौकट इंग्रजीत होती. कच्च्या आवृत्तीत अजून मराठी कुणी भरलं नव्हतं. काकूंनी ती बंद केली. ती परत आली. दुपारभर काका बोलवत राहिले.

शर्वरी घरी आली. “आई, चेहरा काय झालाय तुझा?”

“तुझे बाबा बोलवतायत सारखे.”

“अगं, कच्चं सॉफ्टवेअर आहे ते, काहीही बडबडतं! थांब, आवाजच बंद करते.”

“हात लावशील तर बघ!” काकू इतक्या जोरात ओरडल्या की माझा पंखा अडखळला. “इकडे बघ म्हणतायत ना? मग बघ की!”

शर्वरीने बघितलं. वाचलं. खाली बसली. “आई... डिस्क जातेय.”

आवाज उतरवून घ्यायला तिने पेनड्राइव्ह लावला. “बोला साहेब” त्यावर गेला. “जरा इकडे बघ” गेला. तिसऱ्या फाइलपाशी मी अडकलो. शपथ सांगतो, सगळा जोर लावला. कट्‌ कट्‌ कट्‌. वाचता येत नाही, अशी पाटी आली.

“एक उपाय आहे,” शर्वरी म्हणाली. तिने मोबाइल माझ्या स्पीकरला लावला. “तू बंद कर, मी रेकॉर्ड करते. हा परत सुरू होईल असं वाटत नाही, पण वाजलं तर वाजलं.”

“आणि नाही वाजलं तर?”

शर्वरीने रेकॉर्डिंगचं बटण दाबलं.

काकूंचं बोट माउसवर होतं. बाण बंद करायच्या खुणेवर. त्या माउस नुसताच पुढेमागे करत राहिल्या, तसा बाण मोठा मोठा होत गेला. मग काकूंनी हात काढून घेतला.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “अजून निघाले नाहीत ते. कशाला घालवतेस?”

तेव्हापासून मी चालू आहे. आता चादर नाही, कपडे नाहीत. काकू रोज माझी धूळ पुसतात, हळदकुंकू सोडून.

मित्रांनो, आपल्या माणसाचा आवाज एकाच डब्यात ठेवू नका. तो डबा धडधाकट आहे तोवर दुसरीकडे उतरवून घ्या. आणि वासण्यात लाईट गेली तर देवाजवळ माझ्यासाठी दोन शब्द टाका. काकू तेव्हा गॅस बंद करून माझ्याजवळ येऊन बसतात. लाईट गेल्यावर थोडा वेळ मला चालू ठेवणारी शेजारची बॅटरी टीं टीं करत असते. आणि काकांचं ते “चल, आवजो” माझ्या घशापर्यंत आलेलं असतं.