माझ्या तोंडातला बोळा

मी घंटा बोलतेय. शाळेतली नव्हे, गाईच्या गळ्यातली. माझ्या पोटात एक लोखंडी कांडी टांगलेली आहे, तिला मी माझी जीभ म्हणते. गाईनं मान हलवली की जीभ हलते आणि मी बोलू लागते. जन्मजात बडबडी आहे मी. गप्प कसं बसावं हे मला फार उशिरा शिकावं लागलं, आणि ते ज्या किमतीला शिकले ती कुणाला मोजावी लागू नये.

एका ओताऱ्यानं फुटक्या भांड्यांचं पितळ वितळवून मला ओतलं. त्या दिवशी त्याचं काय बिघडलं होतं कोण जाणे, माझा आवाज निघाला घोगरा. माझ्या बहिणी कशा किणकिणायच्या, आणि मी वाजले की सर्दी झालेली बाई ओरडतेय असं वाटायचं. ओतारी मला पुन्हा भट्टीत टाकणार होता, एवढ्यात आबा दुकानात आले. त्यांनी एकेक घंटा कानाशी धरून हलवली आणि शेवटी मला उचललं.

"ती बिघडलीय आबा," ओतारी म्हणाला.

"म्हणूनच दे. गोड आवाज काय, कुणाच्याही गाईला असतो. ही आपली लांबूनसुद्धा ओळखू येईल."

तेव्हापासून मी आबांच्या गोठ्यात. आधी तांबडीच्या आईच्या गळ्यात होते, मग तांबडीच्या. आबा टेकडीच्या पायथ्याशी बसायचे आणि वर न बघता सांगायचे, आता ती चरतेय, आता झाडाला मान घासतेय, आता कशाला तरी घाबरलीय. सगळं माझ्या आवाजावरून. त्यांची बोलवायची तऱ्हाही वेगळीच होती. नाव घ्यायचे नाहीत, घशातल्या घशात नुसतं "हं, हं" करायचे. ते ऐकलं की तांबडी मान झटकायची आणि मी उत्तर द्यायचे. रोज संध्याकाळी आमचं हे चालायचं. दोघंतिघं म्हातारे ओट्यावर गप्पा मारत बसतात ना, तसं.

मग आबांच्या छातीचं दुखणं सुरू झालं. जेवल्यावर दुपारी झोप हवीच, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरात आबा आणि त्यांची सून, दोघंच. मुलगा लांबच्या शहरात कामाला. सून कामाला वाघ आणि सासऱ्यावर जीव टाकणारी. तिनं आबांच्या एका जुन्या शर्टाची बाही कापली, तिचा बोळा केला आणि माझ्या तोंडात कोंबला. दुपारी तांबडीला गोठ्यात आणून बांधलं की बोळा आत, संध्याकाळी धार काढायच्या आधी बोळा बाहेर. आबांची खाट गोठ्याच्या भिंतीला लागूनच होती, पलीकडच्या खोलीत.

आबा एकदा म्हणाले, "अगं, वाजू दे तिला. मला तिच्या आवाजानंच झोप लागते."

"डॉक्टरांनी आराम सांगितलाय ना आबा? मग झालं."

विषय संपला. मायेची माणसं असंच करतात. ज्याच्यासाठी करायचं, त्याचं तेवढं ऐकत नाहीत. मला राग यायचा, पण बोळा तोंडात असताना राग तरी कसा दाखवणार?

त्या दुपारी सून चारा आणायला बाहेर गेली होती. तांबडी एकाएकी दावं ओढू लागली. कान उभे, डोळे पांढरे. तिनं मान अशी काही झटकली की एरवी मी सगळी गल्ली डोक्यावर घेतली असती. तिची भीती आबा माझ्या आवाजावरून ओळखायचे. ते उठले असते, काय झालं बघायला काठी टेकत अंगणात आले असते. मी जिवाच्या आकांतानं जीभ आपटत होते आणि बाहेर येत होतं नुसतं ढब, ढब. शर्टाच्या बाहीत माझा आवाज मरत होता.

मग जमीन हलली. भिंती एकमेकींवर पडल्या, छत खाली आलं आणि दिवसाउजेडी अंधार झाला. तांबडीसमोर दगडी गव्हाण होती. छताचा वासा तिच्या काठावर अडकला, म्हणून तांबडीचं डोकं आणि मान तेवढी वाचली. मागचा पाय दगडांत रुतला. नाकातोंडात धूळ गेली, ती खोकली, पण हंबरायला तिच्यात त्राण उरलं नव्हतं.

आणि भिंतीपलीकडून आवाज आला. "हं... हं."

आबा जिवंत होते. स्वतःच्या अंगावर घर पडलेलं, आणि ते गाईची चौकशी करत होते. तांबडीनं मान झटकली. ढब. त्यांनी पुन्हा हाक दिली, हिनं पुन्हा झटकली. ढब. ढब. दोन हातांचं अंतर असेल मध्ये, पण त्या दगडमातीतून माझं ढब त्यांच्यापर्यंत जाईना. कितीतरी वेळ ते असे बोलवत राहिले. आवाज बारीक होत गेला. शेवटी ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "गेलीस का गं?"

नाही हो आबा, आहे मी, आहोत आम्ही दोघी. मी किती आपटले म्हणून सांगू. त्यानंतर भिंतीपलीकडून काही आलं नाही.

संध्याकाळी गल्लीतल्या माणसांनी आबांना बाहेर काढलं. सुनेचा टाहो मी खालून ऐकला. त्यानंतर ती पुनःपुन्हा ढिगाऱ्यावर येऊन उभी राहायची. तिची पावलं मला ओळखू यायची. ती श्वास धरून ऐकत होती. काय ऐकत होती ते मला ठाऊक होतं, आणि तेच मला देता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वरची बोलणी कानावर आली. सगळ्यांना मोठ्या मैदानावरच्या तंबूत जायला सांगितलं होतं, पण जनावरं आणायची नाहीत. मग कुणी हलेना. ज्याची म्हैस वाचली तो म्हशीजवळ, ज्याची शेळी वाचली तो शेळीजवळ बसून राहिला. अशात जनावरांच्या डॉक्टरीणबाई आणि त्यांची माणसं चारा, पाण्याची पिंपं आणि औषधं घेऊन आली. शेजारचा शिंपी त्यांच्यावर तडकला.

"वरच्या आळीतली माणसं तहानेनं व्याकूळ झालीत आणि तुम्ही ढोरांना पाणी पाजताय?"

"तुमच्या मांडीवर काय आहे?" बाईंनी विचारलं.

"करडू आहे. त्याचं काय?"

"ते इथे ठेवून तंबूत जाल?"

करडू ओरडलं. बाई म्हणाल्या, "कुणीच जाणार नाही. म्हणून मैदानाच्या कडेला जनावरांसाठी जागा मागून घेतलीय. तुमच्याबरोबर त्यांनाही नेऊ. आणि एक पिंप वरच्या आळीला पाठवा, उचलायला माझी माणसं येतील."

पण पिंपानं भागणार नव्हतं. पाण्याची गाडी वर जायला हवी होती आणि गल्ली आमच्याच ढिगाऱ्यानं अडवली होती. ढिगारा ढकलायला मशीन आलं. बाईंनी सुनेला विचारलं, "ताई, तुमचं काही जनावर आहे का खाली?"

"गाय होती," सून म्हणाली. "गेली. घंटा वाजत नाही तिची. घोगरी आहे, ढगातून वाजली तरी कळेल मला. कालपासून कान लावून बसलेय. चालवा दादा मशीन."

मी तिला दोष देत नाही. वरच्या आळीत लहान मुलं होती. पण मशीन घरघरलं, माझ्यावरचे दगड सरकू लागले, वासा करकरला, आणि तांबडीनं डोळे मिटून घेतले. आता संपलं, असं मी धरून चालले.

पुढचं मला नंतर कळलं, मैदानावर सून बाईंना सांगत होती तेव्हा. धुळीनं तिचे डोळे चुरचुरत होते. तोंड पुसायला तिनं पायाशी पडलेलं एक फडकं ओढलं. ते फडकं म्हणजे आबांचा जुना शर्ट होता. त्याला एकच बाही होती.

खालून मला एवढंच ऐकू आलं की कुणीतरी ठेचकाळत मशीनपुढे धावलं.

"थांबवा. थांबवा हो दादा. ती वाजणारच नाही. मीच तिच्या तोंडात बोळा कोंबलाय."

मशीन थांबलं. शिंपी म्हणाला, "वहिनी, काय बोलताय?" तिनं कसंबसं समजावलं. बाईंनी सगळ्यांना गप्प केलं आणि विचारलं, "धार काढायच्या वेळी काय करता तुम्ही? काही आवाज?"

"बादली वाजवते."

कुणीतरी बादली दिली. तिनं बोटांच्या पेरांनी ठोकली, रोजच्यासारखी. टण, टणटण. तांबडीचे कान हलले. हंबरायला घसा नव्हता, म्हणून तिनं मान झटकली. जोर असा उरलाच नव्हता. माझी जीभ बोळ्यावर आपटली. ढब.

"पुन्हा वाजवा," बाई म्हणाल्या. दगडांमध्ये घुसवलेल्या पाइपाला कान लावून त्या पालथ्या पडल्या असाव्यात, कारण त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. टण, टणटण. तांबडीनं पुन्हा मान हलवली. ढब.

"आहे," बाई म्हणाल्या. "खाली काहीतरी हलतंय. मशीन मागे घ्या. हातानं काढू."

मग सगळी गल्ली लागली. दगड एका हातातून दुसऱ्या हातात जाऊ लागले. सर्वात पुढे शिंपी होता, त्याची बोटं फुटली तरी हटला नाही. गल्ली मोकळी व्हायला संध्याकाळ झाली आणि वरच्या आळीच्या बायका तोपर्यंत घागरी घेऊन तिथेच खोळंबल्या, पण एकीनंही तोंड वाकडं केलं नाही. पाइपातून आधी थोडंसंच पाणी सोडलं, एकदम पाजायचं नाही असं बाईंनी बजावलं होतं. उजेड आत आला तेव्हा सुनेनं आधी माझ्या तोंडातला बोळा उपसला, मग तांबडीच्या गळ्यात पडली. मी वाजले. इतक्या घोगऱ्या आवाजाला माणसं रडतात, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

आता आम्ही मैदानाच्या कडेला आहोत. तांबडीचा मागचा पाय अजून टेकत नाही. चार खांबांना गोणपाटाची झोळी बांधून बाई तिला रोज थोडा वेळ उभी करतात. पाय पुन्हा जोर धरेल की नाही, हे त्याही सांगू शकत नाहीत. तांबडी खाते कमी, आणि ऊन उतरलं की जिथे आबा बसायचे त्या टेकडीकडे बघत राहते. दुपारी सुनेचा हात सवयीनं माझ्या तोंडाकडे येतो आणि अर्ध्यावर थांबतो. कोंब गं बाई, असं म्हणावंसं वाटतं. भिंतीपलीकडे पुन्हा कुणी झोपणार असेल तर जन्मभर कोंब.

काल तिनं बाईंना विचारलं, "आबांना काही कळलं असेल का हो शेवटी? त्रास झाला असेल?"

बाई थोडा वेळ तांबडीच्या पायाला पट्टी बांधत राहिल्या. मग म्हणाल्या, "नाही ताई. झोपेतच गेले असतील."

"तेवढं बरं झालं. निदान त्यांची झोप तरी मोडली नाही," सून म्हणाली, आणि आबा गेल्यानंतर पहिल्यांदा तिनं जेवणाची ताटली रिकामी केली.

आबांनी हाका मारल्या होत्या, हे जगात तांबडीला आणि मला दोघींनाच ठाऊक आहे. तांबडी बोलत नाही. मी बडबडी आहे, कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून तुम्हाला सांगितलं. पण तेवढ्यापुरता बोळा आता मी आपणहून तोंडात धरलाय. तुम्ही कधी या मैदानाकडून गेलात आणि घोगरी घंटा वाजलेली ऐकलीत, तर घटकाभर थांबा, तांबडीला मूठभर चारा घाला, सुनेशी चार शब्द बोला. एवढं मात्र तिला सांगू नका.