कच्चं शूटिंग

"मामा, फोन जरा डब्याजवळ न्या बरं," पप्पू म्हणाला. "आवाज ऐकू द्या मला."

संपतनं टेबलाखाली वाकून मोबाईल कॉम्प्युटरच्या डब्याला लावला. आतून टक्... टक्... असं थांबून थांबून वाजत होतं. पप्पूचं दौंडला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, आणि नुसत्या आवाजावरून तो दुखणं ओळखायचा.

"हार्ड डिस्क चाललीय, मामा. आज जाईल न्हाईतर उद्या. तुमच्याकडं बाहेरची डिस्क हाय ना? तिच्यावर आत्ताच बॅकअप घ्यायला लागा. आन् एका टायमाला एकच फोल्डर लावा. दोन लावले तर तिथंच बसंल ती."

"आधी कंचं घेऊ?"

"ज्याच्याबिगर अडतंय त्ये आधी."

संपतला विचार करावा लागला नाही. आधी गिऱ्हाईक, मग घर, हा त्याचा बावीस वर्षांचा रिवाज होता. पोरीच्या लग्नाचा व्हिडिओसुद्धा त्यानं सगळ्या सीझनची कामं उरकल्यावर, पार आषाढात केला होता. त्यावरून बायकोनं दोन दिवस अबोला धरला होता, तरी तो काही बदलला नाही. त्यानं बाहेरची डिस्क जोडली आणि गिऱ्हाइकांचे तयार व्हिडिओ एकेक करून लावायला सुरुवात केली. पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकू लागली.

वरवंडला हायवेलगत त्याचा 'अक्षदा फोटो स्टुडिओ' होता. आजूबाजूच्या गावांतच नाही, तर नदीपलीकडं शिरूरच्या अंगालाही त्यानं लग्नं काढली होती. तो कॅमेरा धरायचा आणि त्याची बायको धुरपदा लाईट धरायची. नवरीच्या खोलीत बाईमाणूस आत असलं की बायका मोकळ्या वागतात, म्हणून लोक मुद्दाम या जोडीला बोलवायचे. धुरपदाचा हात लाईटनं भरून यायचा, पण तोंड काही दमायचं नाही. "वैनी, पदर सावरा." "आत्याबाई, जरा हसा की, पोरगी देताय, रान न्हाई." वऱ्हाडातल्या रुसलेल्या म्हाताऱ्यासुद्धा तिच्या बोलण्यावर खुदकन हसायच्या आणि संपत नेमका तेवढा क्षण टिपायचा. ती स्वतः मात्र कधी चौकटीत आली नाही. लाईट धरणारं माणूस दिसलं तर शूटिंग बिघडतं.

आणि तिचा आवाजही कुठं राहिला नाही. लग्नाच्या व्हिडिओत माणसांचं बोलणं कुणालाच नको असतं, सगळ्यांना सुरुवातीपासून शेवटपर्यंत गाणी लागतात. कच्चं शूटिंग, म्हणजे कॅमेऱ्यातलं जसंच्या तसं, कॉम्प्युटरवर घेतलं की संपतचं पहिलं काम असायचं ते त्याच्या कॉपीतला मूळ आवाज पुसून टाकायचं, मग त्यावर सिनेमातली गाणी चढवायची. धुरपदा एवढी वर्षं बोलत राहिली आणि हा ते पुसत राहिला. त्यात काही वाईट वाटण्यासारखं आहे, हे त्याच्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं.

दीड वर्षापूर्वी धुरपदा काविळीनं गेली. दहा दिवसांत सगळं आटोपलं. तिचा फोन साधा, बटणांचा होता, त्यात ना फोटो ना आवाज. भिंतीवर लावायला म्हणून शेवटी आधार कार्डाचा फोटो मोठा करावा लागला. हजारो माणसांचे फोटो काढणाऱ्याच्या घरात ही गत. चौदाव्याला आलेल्या एका पाहुण्यानं तसं बोलूनही दाखवलं आणि संपतला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

एक गोष्ट मात्र शिल्लक होती. पोरीच्या, अक्षदाच्या हळदीच्या दिवशी नवरीचे आईबाप म्हणून दोघांच्याही हातात कॅमेरा-लाईट नव्हते. शूटिंगला दौंडचा एक पोऱ्या बोलावला होता. त्या दिवशी धुरपदा जात्यावर बसली आणि तिनं चांगली वीस-पंचवीस मिनिटं ओव्या म्हटल्या. तयार व्हिडिओत संपतनं नेहमीप्रमाणे त्यावर गाणं चढवलं होतं, पण कच्चं शूटिंग कॉम्प्युटरवर होतं. हल्ली तीन-चार वर्षं डिस्कवर जागा होती म्हणून तो कच्चं पुसत नव्हता, एवढंच काय ते नशीब.

अक्षदा कारेगावला असायची. नवरा तिकडच्या कंपनीत होता आणि पदरात पाच महिन्यांची मुलगी. मागच्या महिन्यात तिचा फोन आला होता.

"आप्पा, पोरीला जोजवायला बसते, आईची ओवी आठवती, पण चाल सापडत न्हाई. त्ये हळदीचं तेवढं पाठवा की."

"पाठवतो."

"कवा?"

"जरा सवड होऊ दे."

सवड होती. पाहायचं धाडस नव्हतं.

दुपारचे दोन वाजले तेव्हा गिऱ्हाइकांचे सगळे तयार व्हिडिओ बाहेरच्या डिस्कवर गेले होते. संपतनं पाणी प्यायलं, खुर्ची पुढं ओढली आणि 'अक्षदा हळद कच्चं' या फोल्डरवर बाण नेला. तेवढ्यात पायरीवर कुणीतरी उभं राहिलं.

"शूटिंगवाले संपत तुमीच का?"

साठीची बाई होती, हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी. दोन एस्ट्या बदलून केंदूरहून आली होती. नाव सोजराबाई. तीन वर्षांपूर्वी तिच्या मुलाचं, म्हाळूचं लग्न संपतनं काढलं होतं.

"म्हाळू गेला, दादा," ती बसता बसता म्हणाली. "आठ म्हयने झाले. हिरीवरची मोटर चालू कराय गेला आन् शॉक बसला."

 संपतनं पंखा तिच्याकडं फिरवला.

"तुमी दिलेली लग्नाची शिडी रोज टीव्हीवर लावते मी. त्यात अक्षता पडल्याव म्हाळू बोहल्यावरनं माझ्याकडं बघून कायतरी बोलतोय. तोंड हलतंय त्याचं. पर वरनं गाणंच वाजतंय. त्यो काय म्हणला त्ये मला आठवंना. लई डोकं खाजवलं, न्हाईच आठवत. तुमच्याकडं बिनगाण्याचं आसंल का?"

होतं. तीन वर्षांपूर्वीचं म्हणजे नक्की होतं. संपतनं पडद्याकडं पाहिलं. बाण अजून अक्षदाच्या फोल्डरवर होता आणि खाली डब्यात टक्... टक्... चालूच होतं. मावशी, तासाभरानं या, असं म्हणायला काय हरकत होती? बाई थांबलीही असती. पण ती पिशवी मांडीवर धरून पडद्याकडं अशी बघत होती, की जणू म्हाळू आत्ता तिथून बाहेर येणार होता. आणि बावीस वर्षांची सवय अशी एका दुपारी सुटत नाही.

त्यानं 'म्हाळू केंदूर कच्चं' शोधलं आणि ते आधी लावलं.

तासभर लागला. तेवढ्यात त्यानं शेजारून चहा मागवला. सोजराबाईनं मेंढरांचं सांगितलं, ती विकून घेतलेल्या शेताचं सांगितलं, माहेरी गेलेल्या सुनेला एका शब्दानंही दोष दिला नाही. पट्टी शेवटाला पोचली तसा संपतनं श्वास सोडला आणि लगेच अक्षदाचं फोल्डर लावलं. एक टक्का. दोन. चार टक्क्यांवर पट्टी थांबली. डब्यात चमचा पातेल्यावर घासल्यासारखा खर्रकन आवाज झाला, पडदा निळा झाला आणि मग काळा.

त्यानं तीनदा चालू करून पाहिलं. मग पप्पूला फोन लावला आणि न सांगताच मोबाईल डब्याला लावला.

 "मामा," पप्पू हळू म्हणाला, "आतली प्लेट खरवडली गेली. मी पुण्याला धाडून बघतो, पर खोटी आशा दावत न्हाई तुमाला. बॅकअप झाला होता ना?"

"झाला," संपत म्हणाला. "लोकांचा झाला."

फोन ठेवल्यावर तो तसाच टेबलाखाली वाकून बसला.  पोरीला आता काय सांगायचं? महिनाभर सवड नव्हती म्हणून सांगायचं?

"माझं गेलं का, दादा?" सोजराबाईनं भीत भीत विचारलं.

"न्हाई मावशी. तुमचं हाय."

अक्षदाचा कॉलेजातला जुना लॅपटॉप कपाटात होता. त्याला त्यानं बाहेरची डिस्क जोडली आणि म्हाळूचं शूटिंग लावलं. गाण्याशिवाय ते लग्न निराळंच वाटत होतं. भांडी वाजत होती, पोरं रडत होती, कुणीतरी माईकवर कुणाच्या तरी गाडीचा नंबर पुकारत होतं. मग अक्षता पडल्या. फेट्याखालचा म्हाळू मान वळवून गर्दीत कुणालातरी शोधत म्हणाला, "आये, जेवलीस का न्हाई तू?"

सोजराबाईनं पदर तोंडात कोंबला.

म्हाळूचं बोलणं संपतं न संपतं तोच कॅमेऱ्याच्या अगदी जवळून, हसरा, जरा घोगरा आवाज आला. "नवरदेव, जेवतील की त्या. इकडं बघा आदी. हां, आस्सं. आता हसा."

म्हाळू हसला.

संपतचा हात टेबलावर होता तिथंच राहिला. बाकीच्या सगळ्या कच्च्या फोल्डरांतही धुरपदा अशीच बोलत असणार, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं, आणि ती सगळी अर्ध्या तासापूर्वी गेली होती. एवढीच उरली होती.

सोजराबाईनं डोळे पुसले. "जेवले न्हवते मी," ती म्हणाली. "त्याला बरुबर कळलं हुतं बगा." संपतनं पेन ड्राइव्ह काढून तेवढा तुकडा त्यावर घ्यायला घेतला, तशी ती पुढं सरकली. "दादा, त्याच्या बोलण्याव ती बाई लगेच बोलती. तेवढी काढता यील का? म्हंजी माज्या कानात त्याचंच राहील."

काढता येत होतं. म्हाळूचं वाक्य संपल्यावर धुरपदा बोलली होती. दोन बटणं दाबायचं काम, आणि त्या कामात संपतइतका हात दुसऱ्या कुणाचा बसलेला नव्हता.

"न्हाई निघत ते, मावशी," तो म्हणाला. आजवर गिऱ्हाइकाशी तो कधी खोटं बोलला नव्हता.

"मग ऱ्हाऊ द्या. ग्वाड हाय तिचा बी आवाज." तिनं पेन ड्राइव्ह पदराच्या टोकाला बांधून गाठ दोनदा ओढून पाहिली. "कोण हुती ती?"

"लाईट धरायला होती," संपत म्हणाला.

एस्टीला अजून वेळ होता. सोजराबाई उठता उठता परत बसली. "आनी एकदा लावता का?"

संपतनं लावलं, आणि या खेपेला आवाज जरा वाढवला.