बिनसावलीची हळद

वैशाखाचे ऊन. आधी सुवर्णाचे, मग रुप्याचे, आणि शेवटी निव्वळ ज्वालेचे. कृष्णाकाठच्या त्या लग्नघरी ते अंगणभर सांडले होते, कारण मांडवाचे कापड अजून यायचेच होते.

अंगणात उखळ, उखळात हळद, हळदीत आम्रपल्लवमंडित मुसळ. भोवती पाच सवाष्णी. आणि ओसरीवर, पाहुण्यांच्या गराड्यात, वेधशाळेतले नवरीचे मामा, डॉक्टर दिगंबर चिटणीस.

घरातलाच शास्त्रज्ञ, मग प्रश्नांना काय तोटा? विश्वाला कड आहे का, पृथ्वी फिरते तर विहीर सांडत का नाही, चंद्रावर तुळस जगेल का. मंगळ असलेल्या एका मुलीचा बापही हळूच येऊन गेला. तारकातृप्त, ताकसंतुष्ट मामा सर्वांना उत्तरे देत होते. बोलता बोलता म्हणाले, आज बारा एकोणतीसला सूर्य थेट माथ्यावर. क्षणभर सावल्या पायांखाली.

माजघराच्या उंबऱ्यामागे नवरीची आत्या होती, यमुनाआत्या, कोऱ्या कपाळाची. आईवेगळ्या नवरीला, रेवतीला, तिनेच वाढवले. रेवतीच्या हळदीच्या मुसळाला एकदा हात लागावा, एवढीच तिची आस. पण विधवेची सावली हळदीवर पडू नये, ही घरची रीत, आणि रीतीच्या राखणदार थोरल्या काकूंनी सकाळीच गोड आवाजात बजावले होते, “वन्सं, सावली तेवढी जपा.”

आत्याने साऱ्या ब्रह्मांडाविषयी एकच प्रश्न विचारला.

“सगळ्यांच्याच सावल्या जातात?”

“सगळ्यांच्याच, यमुनाताई. सूर्य कुणाला वगळत नाही.”

बारा एकोणतीस. मुसळ निश्छाय, रांजण निश्छाय, वृंदावनातली तुळसही निश्छाय. त्या निश्छाय, निःशब्द अंगणातून आत्या चालत आली, अनवाणी. काकूंनी तिच्या पुढे पाहिले, मागे पाहिले, पदर सावरण्याच्या निमित्ताने वाकूनही पाहिले. आक्षेप ओठांवर होता. तो ठेवायला सावलीच नव्हती.

आत्याने मुसळ धरले. उखळाशेजारी पाटावर बसलेल्या रेवतीने खाली घातलेली मान वर केली.

“हे राहतं किती वेळ?” काकूंनी विचारले.

मामांनी घड्याळाकडे पाहिले, रेवतीकडे पाहिले, आणि मनगट बाहीत ओढून घेतले. “हळद कुटून होईपर्यंत.”

दिवसभरात तेवढे एकच उत्तर अशास्त्रीय निघाले.

मुसळ उठे, मुसळ पडे. पीतपरागांचा मंद मेघ उठे. सूर्य मात्र कलायचा तो कललाच. आत्याच्या पायांशी एक बारीक, निळी, नवजात सावली उमलली, पूर्वेला सरकली, उखळाच्या काठाशी आली.

काकूंनी ती पाहिली. नीट पाहिली. मग पुढे होऊन मुसळाला आपलाही हात लावला.

“वन्सं, ओवी तुम्हीच म्हणा. माझा सूर काही लागत नाही.”

आत्याने ओवी धरली. सावली उखळात उतरली, पिवळ्यात पहुडली. आणि हळद, हळद पिवळीच राहिली.