अकरा पुरणपोळ्या

पान दोनशे बाराला विराजनं रेवाचं मनगट पिरगाळून मोडलं, आणि पान दोनशे पंधराला त्याच रेवानं त्याच्यासाठी अकरा पुरणपोळ्या केल्या. अकरा! संजीवनीनं पुस्तक उचललं आणि समोरच्या भिंतीवर हाणलं. डाव्या हातानं हाणलं, कारण उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता.

"हिनं जल्मात कधी कणिक मळली न्हाय," ती म्हणाली. हे लेखिकेला होतं.

आता तुम्ही म्हणाल, कादंबरीच ती, एवढं काय मनावर घ्यायचं? घ्यायचं असतं बाबांनो, कधीकधी घ्यायचंच असतं. तीन आठवड्यांपूर्वी वालचंदनगरच्या क्वार्टरमध्ये संजीवनीनं मिक्सर लावायला म्हणून नवऱ्याचा मोबाईल चार्जिंगवरून काढला होता. तेवढाच गुन्हा. सोमनाथनं तिचं मनगट ओट्याच्या कडेवर धरलं आणि वरून सगळ्या अंगाचा भार टाकला. शेवग्याची शेंग मोडावी तसा आवाज झाला. "आता लाव मिक्सर," तो म्हणाला आणि मोबाईल परत चार्जिंगला लावून टीव्हीपुढं जाऊन बसला. दवाखान्यात त्यानंच सांगितलं, नळावर घसरली. तिनं मान हलवली. नऊ वर्षं ती मानच हलवत आली होती.

प्लास्टर वाळलं तशी ती एसटीत बसून कन्हेरीला माहेरी आली. आई-आबांना खरं काय ते सांगितलं. आबा म्हणजे गंगाराम, तिचे वडील. माणूस सरळ, पण भांडणाला भिणारा. ते अंगणाकडं बघत म्हणाले, "रागाच्या भरात झालं आसंल गं. हात मोडायचा म्हनून न्हाय मोडला त्यानं."

रविवारी बैठक ठरली. सोमनाथ त्याच्या चुलत्याला घेऊन तिला न्यायला येणार होता. आईचं मत, जावं. दीपकचं, म्हणजे भावाचं मत, आबा म्हणतील तसं. संजीवनीला जायचं नव्हतं. पण "मी येत न्हाय" हे चारचौघांत कसं म्हणतात, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

तेवढ्यात भावजयीनं, मोनालीनं, हे पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं. 'रुसवा तुझा, हट्ट माझा'. बारामतीच्या वाचनालयात दोन महिने नंबर लावून आणलेलं. मोनाली चोवीस वर्षांची, मनानं लोण्याहून मऊ आणि अकलेनं पण जरा तशीच. "ताई, वाचा तरी. ह्यातला विराजबी आपल्या दाजींसारखाच तापट हाय. पर शेवट बघा, डोळ्यांत पानीच येतं."

आपल्याकडं वाचनालयाच्या पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लोक शेरे मारतात. ग्रंथपाल ओरडून ओरडून थकतो, पण लोक काय ऐकतात? ह्या पुस्तकाचं ते पान गच्च भरलं होतं. 'अप्रतिम!' 'तीनदा वाचली, तीनदा रडले.' 'देवा, असाच विराज मला दे.' संजीवनीनं ते शेरे वाचले आणि तिला वाटलं, एवढ्या बायका रडल्यात म्हणजे त्या रेवाचं शेवटी काहीतरी चांगलं झालेलं असणार.

मग तिनं अधाशासारखं वाचलं. विराजनं रेवाचे कपडे जाळले. विराजनं तिला दोन दिवस खोलीत कोंडलं. विराजनं कानफटात मारली आणि मग स्वतःची मूठ आरशावर फोडून घेतली, की लगेच रेवा त्याच्या मुठीला पट्टी बांधायला धावली. संजीवनी दात खात पानं उलटत होती. आता ही उठेल. आता ही पिशवी भरेल. कुणाला फोन करेल, बापापुढं उभी राहून काय बोलेल, ती वाक्यं तिला पाहिजे होती. रविवारी तिला तीच बोलायची होती. दोनशे बाराला मनगट मोडलं तेव्हा तर ती पुस्तकाला म्हणाली, "ऊठ बाई आता."

आणि ह्या बयेनं पुरण घातलं शिजायला!

शनिवारी तिनं उरलेलं पुस्तकही वाचून टाकलं. पान दोनशे चाळीसला विराज गुडघ्यावर बसतो, गुलाब देतो आणि म्हणतो, "माझा राग म्हणजेच माझं प्रेम आहे. तू नसशील तर मी कुणावर रागावू?" रेवा त्याला मिठी मारते. संपलं. अशी फसवणूक तिची सोमनाथनंसुद्धा केली नव्हती. तो मारायचा तेव्हा निदान मारायचाच.

रविवारी दुपारी बैठक बसली. जय भीम झाला, पाणी झालं, चहा आला. सोमनाथ इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आलेला, सोबत त्याचे चुलते संभाजीतात्या आणि पेढ्यांचा पुडा. संजीवनीला बोलावलं. ती दारात येऊन उभी राहिली तसा सोमनाथ उठला, सगळ्यांदेखत गुडघ्यावर बसला आणि खिशातनं लाल गुलाब काढला.

"माझा राग म्हणजेच माझं प्रेम आहे, संजीवनी. तू नसशील तर मी कुणावर रागावू?"

शब्दाला शब्द! संजीवनीनं मोनालीकडं पाहिलं. मोनालीनं पदर तोंडावर घेतला. तिनंच दाजींना फोन करून पाठ करून घेतलं होतं. संसार जुळावा म्हणून केलं हो बिचारीनं.

तात्यांनी डोळे पुसले. आईनं पुसले. आबा म्हणाले, "बघ पोरी. येवढा तालेवार मानूस गुडघ्यावं बसलाय. आता ताणू नगंस."

सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते. संजीवनीची मान हलायच्या बेतात होती, अगदी बेतात. मग तिला त्या अकरा पुरणपोळ्या आठवल्या.

"येते," ती म्हणाली. "पर आधी एक चपाती लाटून दावा. एका हातानं."

ती आत गेली, पोळपाट आणला, त्यावर लाटणं आणि सकाळच्या कणकेचा गोळा. सोमनाथपुढं ठेवलं. "उजवा हात पाठीमागं. मला घरी गेल्यावं रोज आशाच लाटायच्या हायेत. एक दावा, मी आत्ता पिशवी भरते."

"काय पोरखेळ ह्यो!" तात्या हसले. "लाट रं, बायकूचा हट्ट हाय."

सोमनाथ हसत हसत बसला. डाव्या हातानं लाटणं दाबलं तर पोळपाट गरकन फिरला. परत दाबलं तर गोळा लाटण्याला चिकटून वर आला. त्यानं पोळपाट गुडघ्यानं दाबून धरला, तर लाटणंच निसटून तात्यांच्या चहात पडलं. मोनालीला हसू आवरेना. ती फिस्सकन हसली.

झालं. इस्त्रीच्या शर्टातला विराज गेला आणि आतला सोमनाथ बाहेर आला. त्यानं पोळपाट उचलून संजीवनीच्या तोंडावर भिरकावला. भुवई फुटली, रक्त डोळ्यात उतरलं. "माझी गंमत करती व्हय गं, रांडे!" लाथ पोटात बसली. ती भिंतीला आपटली तसं त्यानं प्लास्टरचा हातच धरला आणि पिरगाळला, तोच हात, आबांच्या डोळ्यांदेखत. आतलं कच्चं हाड सरकलं. संजीवनी गुरासारखी ओरडली.

आणि मग तिनं तो हात सोडवून घेतला, वर उचलला आणि होता तेवढा जोर लावून त्याच्या तोंडावर हाणला. एकदा नाकावर. परत दातांवर. प्लास्टर फुटलं, त्याचा पुढचा दात फरशीवर पडला. तिसऱ्यांदा हाणायला निघाली तेव्हा दीपकनं सोमनाथला मागनं कवळ्यात धरलं होतं आणि आबा मधे उभे होते. आबांच्या हातात लाटणं होतं, चहा गळत असलेलं. ते त्यांनी सोमनाथच्या नरड्याला लावलं होतं.

"तात्या," आबा म्हणाले, "तुमचं पोरगं उचला. पेढंबी न्या. आनि पुन्यांदा ह्या दारात दिसलं तर मी म्हातारा फाशी जायला तयार हाय."

मग ते संजीवनीकडं वळले.  "मला वाटलं हुतं..." एवढंच म्हणाले आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

मोनालीनंच तिला स्कूटीवर बसवून बारामतीला नेलं. भुवईला पाच टाके पडले. डॉक्टरांनी नवं प्लास्टर घालता घालता विचारलं, "कशानं मोडलं?"

"नवऱ्यानं मोडलं," संजीवनी म्हणाली. "दोनदा."

तिथनं दोघी पोलीस ठाण्यात गेल्या आणि तिनं तेच परत सांगितलं. दुसऱ्यांदा सोपं गेलं.

पुस्तक परत करायची तारीख बुधवारची होती. वाचनालयाच्या बाकावर बसून संजीवनीनं शेवटचं पान उघडलं. शेऱ्यांच्या गर्दीत खाली चार ओळींची जागा होती.

"मला ह्या हातानं लिवता येत न्हाय. तू लिव," ती मोनालीला म्हणाली.

मोनालीनं पेन काढलं. तिचे डोळे सुजलेले होते. "सांगा, ताई."

'पान दोनशे बाराला मनगट मोडतं. पान दोनशे पंधराला ती अकरा पुरणपोळ्या करते. मोडल्या हातानं एक चपातीसुद्धा लाटता येत नाही. आम्ही घरी करून पाहिलं आहे.'

"खाली नाव टाकू?"

"टाक की. संजीवनी गंगाराम. पुढं कायबी नगं."

मोनालीनं ते नाव लिहिलं. मग जरा थांबून त्याच्याखाली तिनं स्वतःचंही नाव लिहिलं.