कॉम्प्युटरला शाल

भवानीनगरात रविराजच्या कॉम्प्युटर क्लासपुढं चपलांचा असा ढीग पडला होता की जत्रेत देवळापुढंही पडत नाही. आत पडद्याआड झुंबर महाराज कॉम्प्युटरला 'शक्तिपात' देत होते. पुण्याहून सुटे भाग आणून रविराजनं स्वतः जोडलेलं यंत्र ते. साल १९९९. पण त्याचा वेग तीनशे मेगाहर्ट्झ, आणि महाराजांचं निदान असं, की यंत्राचं मूलाधार चक्र झोपलंय!

पाव तासानं पडदा सरला. महाराजांच्या बोटांना भस्म, कपाळाला घाम. रविराजनं बटण दाबलं आणि मॉनिटरवर आकडा उमटला: ४५०.

"आबाबाबा! तीनशेचं साडेचारशे!" गर्दीतला गेणबा ओरडला. "म्हाराज, माझ्या म्हशीलाबी हात लावा की. तीन लिटरावर अडकलीया."

"तिची फाईल नंतर उघडू," महाराज गंभीरपणे म्हणाले.

आता एवढा चमत्कार झाल्यावर सत्कार नको? आणि आपल्याकडं सत्कार म्हटला की शाल-श्रीफळ आलंच. महाराजांचा झाला, मग यंत्राचाही झाला. जाड लोकरी शाल कॅबिनेटला घट्ट लपेटली, वर हार घातला. महाराजांनी बजावलं, "शाल काढाल, झाकण उघडाल, तर शक्ती उडून जाईल." महिना एप्रिलचा. माणसं बनियनवर फिरत होती, आणि यंत्र लोकर पांघरून बसलं होतं.

आठ दिवसांत नवल घडलं. सकाळी सातला पोरांची बॅच असायची, तेव्हा यंत्र पळायचं. दुपारी दोनला मुली बसल्या की अर्ध्या-पाऊण तासात ठप्प. माऊस हलेना, टायपलेलं उमटेना. महाराजांना निरोप गेला. त्यांनी बसल्या जागेवरूनच सांगून पाठवलं, "यंत्राला बायकांची सावली बाधते. मुलींची बॅच बंद करा."

काय पण यंत्र! भाग परदेशातले, आणि भवानीनगरात येऊन सोवळं पाळायला लागलं!

त्या बॅचमध्ये सुकन्या होती. परीक्षा तीन आठवड्यांवर आलेली. तिचे वडील अप्पा साखर कारखान्यात बॉयलरवर कामाला. जेवताना त्यांनी फर्मान काढलं, "उद्यापासनं क्लास बंद. लोकं नावं ठिवत्यात."

"अप्पा, चार दिस थांबा."

"कशापायी?"

"यंत्रालाच विचारते, तुला नेमकी कुणाची सावली चालत न्हाय म्हणून."

अप्पा हसले नाहीत, पण 'नाही' असंही म्हणाले नाहीत.

यंत्राच्या मुख्य पट्टीबरोबर, म्हणजे मदरबोर्डबरोबर, एक इंग्रजी पुस्तिका आली होती. रविराजनं ती उदबत्तीच्या घराखाली सारली होती. सुकन्यानं राख झटकली आणि शब्दकोश घेऊन दोन दिवस ती वाचून काढली. मग रविराजला म्हणाली, "दादा, बंदच करायचीय ना आमची बॅच? मग एक दिस अदलाबदल करा. तुमचं काय जातंय?"

सोमवारी सातला मुली बसल्या. दोन तास यंत्र एकदाही अडखळलं नाही. दुपारी पोरं बसली, आणि चाळीस मिनिटांत यंत्र ठार.

"आता रं? पोरांचीबी सावली बाधली व्हय?" बाहेरून कुणीतरी ओरडलं.

बोंब गावभर झाली. चपलांचा ढीग पुन्हा पडला. महाराज आले, अप्पाही आले.

सुकन्यानं अडकलेलं यंत्र पुन्हा सुरू केलं आणि डिलीटचं बटण दाबलं. मॉनिटरवर निळं पान उघडलं. "यंत्र सोताचा ताप सोता सांगतं. हे बघा. चौऱ्याहत्तर अंश! भर दुपार, वाढीव वेग, आन् वर लोकर. माणूस असता तर मेला असता." तिनं यंत्र बंद केलं, वायर काढली, शाल ओढून बाजूला टाकली आणि झाकण उघडलं. आत नखाएवढी प्लॅस्टिकची टोपी दोन बारीक काट्यांवर बसली होती.

"हा महाराजांचा शक्तिपात. टोपी हितं असली की पट्टीचा ठोका सहासष्ट, तितं सरकवली की शंभर. दोन्हीला साडेचारनं गुणा, की यंत्राचा वेग आला. गेणबाकाका, तुमीच सरकवा."

टोपी मागं आली. यंत्र सुरू केलं, तर तीनशे. पुन्हा बंद केलं, टोपी पुढं गेली, साडेचारशे.

"आयला! मीबी म्हाराज झालो की!" गेणबा आपल्या बोटांकडं बघत राहिला.

"यंत्र जळंल! पाप लागंल!" महाराज गरजले.

तेवढ्यात अप्पा पुढं सरले. "म्हाराज, बावीस वर्सं बॉयलरवर हाय मी. काटा लाल पट्टीकडं चालला की आमी आग कमी करतो. बॉयलरवर घोंगडं टाकून पोरीबाळी हाकलत न्हाय!"

महाराजांची पूर्वाश्रमीची साधना पुण्यात एका कॉम्प्युटर जोडणाऱ्या दुकानात झाली होती, हे नंतर कळलं. म्हणजे तपश्चर्या खरी होती, पण स्क्रू-ड्रायव्हरची.

रविराज खाली मान घालून म्हणाला, "मग वेग वाढवूच नये का?"

"वाढवा की. पण वेग वाढला की ताप वाढणार. आधी मोठा पंखा बसवा. भर दुपारी, काम चालू असताना ताप बघा. पुस्तिकेत मर्यादा दिलीया, तिच्या जवळ गेलं की टोपी मागं घ्या."

बारामतीहून पंखा येईपर्यंत यंत्र तीनशेवरच चाललं. पंखा बसला आणि टोपी पुढं गेली. दुपारी दोनला मुली बसल्या, तासाभरानं सुकन्यानं ताप पाहिला आणि भिंतीवर खडूनं लिहिला: ५१. अप्पा पाळी संपवून मुद्दाम तो आकडा बघायला आले. बॉयलरचा काटा बघावा तसा त्यांनी तो डोळे बारीक करून बघितला आणि म्हणाले, "ठीक हाय. परीक्षा कवा हाय म्हणालीस?"

वाचणाऱ्यांनो, यंत्र अडलं, विहीर आटली, म्हैस आटली, की पहिलं बोट बाईकडं जातं. का जातं, ते एकदा स्वतःला विचारा. सावली मोजणारं माप अजून कुणी बनवलेलं नाही. ताप मोजता येतो. तो आधी मोजा. आणि मोजून होईपर्यंत एकाही पोरीला दारातून माघारी लावू नका.