मिठाच्या दगडातले जिवाणू

मेहुण्याचा हात मी हातोडीने फोडला, तेव्हा तो दगडांच्या पिशव्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होता. पहिला घाव बोटांवर, दुसरा मनगटावर. तिसराही बसला असता, पण बायकोने मागून माझे केस धरून ओढलं आणि लोखंडी चाळणी तोंडावर हाणली. माझा ओठ फाटला. मेहुणा प्रयोगशाळेच्या फरशीवर लोळत होता आणि मला त्याची अजिबात दया येत नव्हती.

दूरच्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांवर जीव तगेल का, हे शोधायला मी अकरा वर्षं याच पृथ्वीवरच्या मरणाच्या जागा पालथ्या घातल्या. उकळते झरे, गोठलेली तळी, मिठाची वाळवंटं. दगड मी फोडायचे, पिशवीत मेहुण्याने भरायचे. अखेर मिठाच्या एका दगडात जिवंत जिवाणू सापडले. इथे जगतात तर तिथेही जगतील, असं मी सोमवारी जगाला सांगणार होतो. हातोडी उचलली त्याच सकाळी फेरतपासणीवाल्यांचा फोन आला होता. जिवाणू माणसाचे आहेत म्हणे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"उघड्या हाताने दगड धरलास," फरशीवर पडलेल्या मेहुण्यावर मी ओरडलो. "अकरा वर्षं मातीत घातलीस माझी."

"हातमोजे होते, भावजी," तो कण्हत म्हणाला. "दोन-दोन घालतो मी."

चोराच्या उलट्या बोंबा, म्हणत मी त्याच्या बरगडीत लाथ घातली.

त्याची दोन बोटं कापावी लागली. बायको आमच्याच प्रयोगशाळेत तपासनीस आहे. चौथ्या दिवशी ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"पूर्ण अहवाल आलाय. जिवाणू कातडीवरचे नाहीत, लाळेतले आहेत."

"मग थुंकला असेल तो."

"त्याची लाळ तपासली मी. जुळत नाही. तोंड उघड."

तिने कापसाची काडी मुद्दाम ओठाच्या टाक्यांवरून घासत आत घातली. मी ओरडलो नाही, कारण तेवढ्यात मला सगळं आठवलं. दगड फोडला की ताज्या कडेला जीभ लावायची, ओल्या दगडाचे कण नीट दिसतात. पहिल्याच वर्षी शिकलो होतो. पापणी लवते तसं ते व्हायचं, हातमोजे घालूनही व्हायचं. संध्याकाळी निकाल आला. लाळ माझीच होती.

मी दवाखान्यात गेलो. मेहुण्याचा पंजा पांढऱ्या गाठोड्यासारखा उशीवर ठेवला होता. मला लाज वाटत होती आणि ती लपवताही येत नव्हती.

"चूक माझी होती," मी म्हणालो. "दगड मीच चाटले."

"माहितीये, भावजी. रोज बघायचो की."

"मग बोलला का नाहीस?"

तो अंग चोरून भिंतीकडे सरकला, जणू माझ्या हातात अजून हातोडी होती.

"मागच्या वर्षी विचारलं होतं, हे चालतं का म्हणून. तुम्ही थोबाडीत मारलीत."

मला ते आठवतही नव्हतं.