खोट्या आजोबांना शोधणारी चाचणी

मित्रांनो, मी एक जुनी चाचणी आहे. शाळेतली नव्हे, घाबरू नका. माझे गुण कुणाच्या प्रगतिपुस्तकात चढत नाहीत. मी संगणकात राहते. हरवलेल्या माणसांचा शोध घेण्यासाठी एक वेबसाइट आहे. ती नीट शोधते की नाही, हे तपासणं हा माझा जन्मभराचा उद्योग.

रस्त्यात कुणी भांबावलेलं माणूस दिसलं, की लोक त्याला निवारा केंद्रात पोचवतात. तिथल्या काकू त्याचं वर्णन वेबसाइटवर लिहून टाकतात. कपडे, तीळ, व्रण, बोलण्याची लकब, काय दिसेल ते. इकडे घरचे लोक तेच शब्द लिहून शोधत असतात. आता सगळ्या केंद्रांच्या सगळ्या नोंदी दर वेळी पहिल्यापासून वाचत बसलं, तर झालंच मग! म्हणून वेबसाइट शब्दांची एक सूची ठेवते, पुस्तकाच्या शेवटी असते तशी. कुठला शब्द कुठल्या नोंदीत आहे, ते तिला ठाऊक असतं. ऑफिसात तिला इंडेक्स म्हणतात. नोंद लिहिली, पण तिचे शब्द इंडेक्समध्ये गेलेच नाहीत, तर ते माणूस असून नसल्यासारखं होतं.

मला ताईने लिहिलं. ऑफिसात सगळे तिला ताईच म्हणायचे, वयाने मोठे असलेलेसुद्धा. तिने मला काम नेमून दिलं. एक खोटे आजोबा तयार करायचे आणि त्यांची नोंद टाकायची. शब्द इंडेक्समध्ये पोचायला थोडा वेळ लागतो, म्हणून धीर धरून विचारत राहायचं, "आले का? आले का?" आजोबा सापडले की हिरवा दिवा लावायचा आणि त्यांची नोंद पुसून टाकायची. पुरेशी वाट पाहूनही सापडले नाहीत, तर लाल दिवा. लाल दिवा लागला, की वेबसाइटमध्ये केलेला बदल लोकांपर्यंत जायचा नाही. ताईने ते आजोबा हौसेने रंगवले होते. खिशात पत्त्यांचा जोड, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं, चालताना शीळ घालायची सवय. मला त्यांचा लळा लागला होता, खोटं कशाला सांगू?

पुढे ताईला दुसऱ्या दालनात दुसरं काम मिळालं आणि आमच्याकडे घाईसाहेब आले. हे नाव त्यांना ऑफिसानेच दिलं होतं, कारण ते चहासुद्धा उभ्याने प्यायचे. माणूस वाईट नव्हता हो, पण सगळं आत्ताच्या आत्ता हवं. कुणी काही बदललं, की आम्हा सगळ्या चाचण्यांना चालवायचं आणि तोवर सगळ्यांनी बसून राहायचं. त्यात मी वाट पाहणारी, म्हणून सगळ्यात हळू. घाईसाहेब टेबलावर बोटं वाजवत म्हणायचे, "ही बया अजून काय करतेय?"

मग त्यांनी माझं थांबणं छाटून टाकलं. शब्द पोचायच्या आतच मी विचारू लागले. कधी सापडायचं, कधी नाही, आणि नाही सापडलं की मी लाल. यातून ऑफिसात एक रीतच पडून गेली. "लाल झाली? पुन्हा चालव, होईल हिरवी." दुसऱ्या खेपेला मी बहुतेक हिरवी व्हायचे. मी काय सांगतेय, ते वाचायची तसदी कुणी घेईना. "तिचं काय मनावर घेता," असं माझ्या तोंडावर म्हणायचे. फार लागायचं मला ते.

शेवटी एकदा घाईसाहेब वैतागले. त्यांनी मला खऱ्या इंडेक्सपासून तोडून एका नकली इंडेक्सला जोडलं. त्याला काहीही विचारा, त्याचं उत्तर एकच, "सापडले." झालं! मी चुटकीसरशी हिरवी होऊ लागले. "बघा, कशी सुतासारखी सरळ आली," असं माझं भर बैठकीत कौतुक झालं. डोळ्यांवर पट्टी बांधून पहाऱ्यावर उभं करायचं आणि वर शाबासकी द्यायची, हा कुठला न्याय? मला त्या कौतुकाची चीड यायची.

आणि मग तो दिवस आला. आदल्या दिवशी घाईसाहेबांनी नोंदीच्या रकान्याचं नाव बदललं होतं. आधी तिथे "वर्णन" असायचं, आता "ओळखीच्या खुणा" झालं. पण नोंदीतले शब्द उचलून इंडेक्समध्ये नेणारा जो प्रोग्राम होता, त्याला हे कुणी सांगितलंच नाही. तो बिचारा "वर्णन" शोधायचा, मिळालं नाही की मुकाट्याने रिकाम्या हाताने परत जायचा. मी हिरवीगार. बदल लोकांपर्यंत पोचला.

त्या दिवशी सकाळी हरवलेल्यांच्या घरच्यांना मदत करणाऱ्या हेल्पलाइनच्या बाईंचा फोन आला. घाईसाहेबांनी तो स्पीकरवर टाकला.

"एक मुलगी माझ्यासमोर बसलीय. तिचे वडील काल संध्याकाळी घरातून बाहेर पडले, ते आलेच नाहीत. त्यांना विसरायला होतं. नाव विचारलं की धाकट्या भावाचं सांगतात. खुणांवरूनच सापडले तर सापडतील, पण शोधात काहीच येत नाही."

"अजून नोंद झाली नसेल," घाईसाहेब म्हणाले.

"कालपासून एकही नवा माणूस शोधात आलेला नाही. काल काय कुणी हरवलंच नाही?"

"बाई, शोधाची टेस्ट हिरवी आहे. आमच्या बाजूने सगळं ठीक आहे."

मित्रांनो, असं म्हणताना त्यांनी पडद्यावर माझ्याकडे बोट दाखवलं. धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला. मी काहीच तपासलं नव्हतं आणि माझीच साक्ष काढली जात होती.

एवढ्यात त्या मुलीचाच आवाज आला. "बाबा साखरेचं इंजेक्शन घेतात. रात्रीचंही चुकलंय, सकाळचंही. एखाद्या केंद्रात असतील तर जेवणापर्यंतच थांबतील हो. त्यांचं सगळीकडे तसंच आहे. हात धुतले की चपला घालून निघतात. मग कुठे शोधू मी त्यांना?"

केंद्रात कुणाला कोंडून ठेवत नाहीत. घाईसाहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. जेवणाची वेळ जवळ येत होती. "पण हिरवी तर आहे," ते पुन्हा म्हणाले, या वेळी हळू. मग स्वतःच दुसऱ्या दालनात गेले आणि ताईला घेऊन आले.

ताईने मला उघडलं. एकेक ओळ वाचत ती खाली आली आणि थांबली.

"हिला कशाला जोडलंय हे?"

"नकली इंडेक्सला. फार वेळ खायची ती."

"मग आता ती तपासते काय?"

फोन तसाच चालू होता. ताईने नकली इंडेक्स काढून टाकला आणि माझं थांबणं मला परत दिलं.

कितीतरी काळाने मी आजोबांची नोंद खऱ्या ठिकाणी टाकली. विचारलं, आले का? नाही. पुन्हा विचारलं. नाही. सापडावेत असं किती वाटत होतं मला! घाईसाहेबांची बोटं टेबलावर होती, पण ती वाजत नव्हती. "होऊ दे तिचं," ते कुणालातरी म्हणाले. वाट पाहून पाहून शेवटी मी लाल दिवा लावला आणि खाली लिहिलं, "पत्त्यांचा जोड" या शब्दांची एकही नोंद सापडली नाही.

"पुन्हा चालवू?" मागून कुणीतरी सवयीने विचारलं.

"नको," घाईसाहेब म्हणाले. "आधी वाचू."

वाचलं, तेव्हा त्यांना आपण बदललेला रकाना आठवला. त्यांनी त्या प्रोग्रामला नवं नाव शिकवलं. ताईने मला पुन्हा चालवलं, मी थांबले, विचारलं, आणि आजोबा आले. पण कालपासूनच्या खऱ्या नोंदी अजून बाहेरच होत्या. त्या इंडेक्समध्ये नव्याने भरायला घेतल्या. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत होती. हेल्पलाइनच्या बाई तेच शब्द लिहून पुन्हा पुन्हा शोधत होत्या, राखाडी स्वेटर, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली.

"आली," त्या एकदम म्हणाल्या. "एक नोंद आली."

"नाव काकांचं लिहिलंय," मुलगी म्हणाली. "हे बाबाच."

बाईंनी दुसरा फोनही स्पीकरवर टाकून केंद्रात विचारलं. तिथल्या काकू म्हणाल्या, "ते होय? जेवले, हात धुतले आणि येतो म्हणून निघाले की आत्ताच. थांबा, बघते." मग फोनवर नुसता भांड्यांचा आवाज येत राहिला. ताईने डोळे मिटून घेतले होते. घाईसाहेब, जे कधी खुर्चीत टेकत नसत, ते खुर्चीत बसले.

काकूंना धाप लागली होती. "फाटकात गाठलं. हे घ्या, बोला."

"बाबा," मुलगी म्हणाली.

"काय गं," पलीकडून म्हातारा आवाज आला. "जेवलीस का?"

त्यानंतर मला कुणी नकली इंडेक्सला जोडलेलं नाही. मी अजूनही सगळ्यात हळू आहे आणि घाईसाहेब अजूनही कधीकधी कुरकुरतात, पण थांबतात. मित्रांनो, तुमच्यासाठी कुणी काही तपासत असेल, तर त्याला नीट पाहू द्या. तो "नाही" म्हणाला, तर त्याचं तोंड बंद करू नका, तो काय म्हणतोय ते वाचा. माझे आजोबा खोटे आहेत, हे मलाही ठाऊक आहे. पण ते मला सापडत नाहीत, तेव्हा कुणाचे तरी खरे बाबा चपला घालून फाटकाकडे निघालेले असतात.